मुकादमभाई पाठ फिरवून बसतात

ओमानमधल्या सलालाहहून डोंगर ओलांडला की आमची पवनचक्क्यांची साईट. वारा भरपूर, करमणूक नाही. संध्याकाळी कॅम्पवर चार जण जमले की किस्से निघतात, आणि सुरुवात कुठूनही करा, गाडी मुकादमभाईंवरच येते. भाई रत्नागिरीकडचे, पात्यांचे चीफ इंजिनिअर. मी साळवी, चिपळूणचा, त्यांच्या हाताखाली. किस्से बाकीच्यांचेही आहेत, पण ते एका चहात संपतात.

*

केतकी पुण्याहून नवीनच आली होती. पोर्टवर पाती उतरताना तिने लांबूनच हेरलं की सगळीच टोकाकडे वाकलेली आहेत. भराभर फोटो काढून ती भाईंकडे गेली. "सर, माल डिफेक्टिव्ह आहे. परत पाठवायला हवा."

भाईंनी फोटो मन लावून पाहिले. "पाठवू की. फक्त फॅक्टरीवाला विचारेल, मॅडमना टॉवरला धडकणारी पाती हवीत का?"

वारा पात्याला टॉवरकडे ढकलतो, म्हणून ते आधीच उलट बाजूला वाकवून बनवतात. आता साईटवर पाहुणा आला की केतकीच हे त्याला उत्साहाने समजावते.

*

तीच पाती ट्रेलरवरून डोंगर चढत होती. एका खडबडीत पट्ट्यावर पात्याचं टोक वरखाली नाचायला लागलं. ड्रायव्हर खानने वेग कमी केला, तर ते जास्तच नाचलं. वॉकीटॉकीवर भाईंचा आवाज आला, "हळू नको खानसाब, थोडा तेज."

खानने विश्वासाने गाडी दामटली आणि टोक शांत झालं.

वर पोचल्यावर तो म्हणाला, "मुकादमसाब, आप जादू जानते हो."

"जादू कसली? बच्चे को झूला दिया है ना? उसकी ताल पे धक्का दोगे तो बढ़ेगाच. धीरे चले तो गड्ढे उसी ताल पे लग रहे थे."

*

एकदा जेवताना केतकीने विचारलं, एवढी मोठी वादळं सोसणारं पातं साध्या वाऱ्यात कसं तडकतं? भाईंनी प्लास्टिकचा चमचा घेतला आणि जरा जरा वाकवत राहिले. आधी पांढरी रेघ उठली, मग चमचा तुटला. "एकदा जोरात वाकवल्याने मरत नाही. रोज थोडं थोडं वाकून दमतं."

मग काय, सगळं टेबल चमचे वाकवायला लागलं. दुसऱ्या दिवशी कुकने प्रत्येकाच्या ताटात स्टीलचा चमचा ठेवला आणि भाईंना सांगितलं, "आता हा दमवा."

*

भाईंची पातं तपासायची रीत न्यारी. प्लास्टिकची खुर्ची, हातात बिनदुधाचा सुलेमानी चहा, आणि पवनचक्कीकडे पाठ. "बघत बसलं की ऐकू येत नाही," म्हणतात. आमचा ओमानी टेक्निशियन सलीमही आता शेजारी तसाच बसतो.

यंदाच्या खरीफमध्ये, म्हणजे इथल्या धुक्यापावसाच्या मोसमात, वारा ऐन भरात असताना भाई असेच बसले होते. चहा अर्धा टाकून उठले. "सात नंबर बंद कर, सलीम. एक पातं कुरकुरतंय."

ड्रोनच्या फोटोंत काही दिसेना. कुरुमच्या हेड ऑफिसातून मॅनेजर मेहतासाहेब तडक साईटवर आले. भाईंचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं, आणि रिन्यूअलवर सही मेहतांची. भाईंचा मुलगा अजून कॉलेजात आहे. आम्हाला जेवण गोड लागेना.

"फोटो क्लीन हैं, मुकादम. मशीन चालू करो, नहीं तो रिन्यूअल भूल जाओ."

"ठीक है साहेब. ऑर्डर लिखके दीजिए. बस एक बात, आपकी गाडी सात नंबर के नीचे खडी है."

मेहतासाहेबांनी केबिनच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मग टेबलावरची किल्ली उचलली, बाहेर गेले, गाडी पार गेटपाशी नेऊन लावली आणि चालत परत आले. घाम पुसत म्हणाले, "खोलके देखो."

सलीम पात्याच्या पोटात शिरला. आतला डिंकाचा जोड हातभर उकलला होता. सही त्याच आठवड्यात झाली. त्या दिवशी मला भाईंचा असा अभिमान वाटला की घरी फोन करून सगळं सांगितलं.

मेहतासाहेब अजूनही येतात. मोठे साहेब आहेत, कुणाला विचारायची गरज नाही. पण गेटवर गाडी थांबवतात आणि आत फोन लावतात.

"मुकादम, आज गाडी कहाँ लगाऊँ?"