मायचे पेले आणि माझा ट्रक

आमच्या गल्लीत आलेला शेवटचा भूकंप मी आणला.

मी लातूरला एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. शहरात क्लास वाढले तसा आम्हीही घरावर एक मजला चढवला आणि वरच्या चार खोल्या बाहेरगावच्या पोरांना भाड्यानं दिल्या. खाली आम्ही तिघं: मी, बायको सुनंदा आणि माय. मायचं माहेर खऱ्या भूकंपात गेलं. तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, शहाबादी फरशीवर, स्टीलचे तीन पेले एकावर एक रचून ठेवते. एक उपडा, एक सुलटा, एक उपडा. त्यावर तांब्या, तांब्यावर वाटी. जमीन हलली की मनोरा पडणार, आवाज होणार आणि सगळ्यांनी बाहेर पळायचं. इतक्या वर्षांत मनोरा एकदाही पडला नव्हता. मांजरसुद्धा त्याला वळसा घालून जायचं. वरची पोरं गालात हसायची. (मीही हसायचो, पण माय समोर नसताना.)

आता ट्रक. रिमोटवर चालणारा, पण जत्रेतला नव्हे. जत्रेतला मी आधी आणला होता. तो दुपारी आला आणि चहाच्या वेळेपर्यंत गेला. उघडून पाहिला तर आत सगळा मामला प्लॅस्टिकचा, आणि गिअरचा एक दात तुटला की अख्खी गाडी फेकायची. तिथं मी जिद्दीला पेटलो. पोरं मेडिकलसाठी करतात तसा दोन महिने अभ्यास केला. गिअर धातूचेच हवेत. चाकांना धरणारे हात जाड हवेत, कारण आपटलं की आधी तेच जातात. सर्किटला पाण्याची भीती नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक भाग, अगदी चाकाचा नटसुद्धा, सुटा विकत मिळायला हवा. असा ट्रक पार्सलनं घरी आला तेव्हा सुनंदानं खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "वय वर्षे चौदाच्या पुढं लिहिलंय. तुम्हाला अजून अवकाश हाय."

मग तिनं अट घातली. महिनाभर ट्रक घरात राहील. ह्या महिन्यात त्याच्यापायी घरातली एक जरी वस्तू मोडली, तर तो अर्धापूरला, तिच्या भावाच्या पोराकडं जाईल. हा पोरगा सायकलचे ब्रेक काढून सायकल चालवतो. माझ्या ट्रकचं तिथं काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी अट मान्य केली आणि भिंतीवर कॅलेंडर टांगलं.

तो महिना मी ज्या निष्ठेनं काढला, त्या निष्ठेनं मी बी.एड. केलं असतं तर आज मुख्याध्यापक असतो. रोज प्रत्येक स्क्रू तपासायचा. धातूत धातू जातो तिथं स्क्रूला चिकट औषधाचा थेंब लावायचा, म्हणजे हादऱ्यानं तो सुटत नाही. मोटरचा छोटा गिअर आणि शेजारचा मोठा गिअर यांच्यात कागदाची पट्टी घालून अंतर बसवायचं. (पट्टी पोरांच्या सराव परीक्षेतून कापलेली. त्या पोराला तपासलेला पेपर एका बाजूनं अरुंद मिळाला.) बॅटरी मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करायची, पेट घेतलाच तर तिनं कुंडीतल्या कुंडीत घ्यावा. कुंडीतला मोगरा तात्पुरता बादलीत गेला. तो अजून बादलीतच आहे.

मधे एकदा आम्ही अर्धापूरला गेलो. केळीच्या बागेत नुकतंच पाणी सोडलेलं. मी ट्रक चिखलात घातला, खोडांमधून वळवला, बांधावरून उडवला. काही तुटलं नाही! सासरे बराच वेळ हात मागं बांधून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "जावईबापू, ह्याच्यात केळीचा घड किती बसतो?" मी म्हणालो, घड नाही बसत. "मग फणी?" फणीही नाही. त्यावर सुनंदाकडं बघून त्यांनी जो सुस्कारा सोडला, तो आमचं लग्न ठरल्यापासूनचा दुसरा होता. पहिला लग्नातच सोडला होता.

घरी आल्यावर ब्रशनं चिखल काढला, बेअरिंगांत तेलाचा थेंब सोडला आणि मग ट्रकसोबत आलेल्या पुस्तिकेतलं शेवटचं काम हाती घेतलं. रिमोटचा सिग्नल तुटला तर गाडीनं काय करायचं, हे तिला आधी शिकवून ठेवता येतं. शिकवताना रिमोटच्या ट्रिगरवरचं, म्हणजे वेगाच्या खटक्यावरचं, बोट काढायचं असतं, म्हणजे ती शिकते की सिग्नल गेला, थांबा. मी बोट दाबून धरलं होतं. ती शिकली की सिग्नल गेला, सुटा.

हे मला कळायला तिसावा दिवस उजाडावा लागला.

दुपारची वेळ. मी ओसरीत बसून चाकांचे नट आवळले, ट्रक चालवून पाहिला आणि समाधानानं खाली ठेवला. कॅलेंडरवर एकच चौकोन उरला होता. आतून सुनंदाचा आवाज आला, चहा गार व्हायलाय. आता, बंद करताना आधी गाडी आणि मग रिमोट, हा नियम मी वरच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेला. पण चहा गार होत होता. मी रिमोट बंद केला आणि तो फळीवर ठेवायला वळलो.

पाठीमागं काहीतरी सर्रकन गेलं. मग स्वयंपाकघरात पेले, तांब्या, वाटी, सगळं एकदम फरशीवर कोसळलं.

"भूकंप!" माय ओरडली. "बाहेर व्हा रे पोरांनो!"

मी आत धावलो. मायसाठी धावलो, असं मी आजही सांगतो. भांड्यांच्या ढिगात ट्रक दिसला. ओसरीतला ट्रक इथं कसा, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या मास्तरला पडायला हवा होता. मी म्हटलं, भूकंपानं आणला असेल. ट्रक उचलला, छातीशी धरला आणि उडी मारून रस्त्यावर आलो. माय माझ्या आधीच पोचली होती.

वरची पोरं जिन्यावरून दणादण उतरली, एक तर तोंडाला फेस तसाच घेऊन, दाढीचा. त्यांना पाहून समोरचा क्लास रिकामा झाला, त्यांना पाहून पलीकडचा. रसायनशास्त्राचे सर हातात डस्टर घेऊन उभे. मायनं एकेकाला बोट लावून मोजलं, मग हात वर केला आणि म्हणाली, "गप ऱ्हावा. जमीन ऐका."

अख्खी गल्ली गप्प झाली. जमीन काही बोलेना. ऐकू येत होती फक्त घरघर, आणि ती माझ्या छातीपाशी. चारही चाकं जोरात फिरत होती. पुढच्या बंपरमध्ये मायचा एक पेला अडकलेला.

वरच्या खोलीतला एक पोरगा फार आदरानं म्हणाला, "सर, बंद करताना आधी गाडी ना?"

मी बटण दाबलं. चाकं थांबली. मग गल्ली हसायला लागली, डस्टरवाले सर सगळ्यात जास्त. हसत नव्हती ती माय. तिनं बंपरमधून पेला सोडवला आणि पदरानं पुसायला लागली. पुसून झालेला पेला तिनं पुन्हा पुसला. तेवढ्या वेळात मला माझी सगळी लाज एकदम वाटून झाली.

"माय, चुकलं," मी म्हणालो.

सुनंदा आत जाऊन भांडी पाहून आली. पेले धड, वाटी धड, तांब्याला पोचा. आता पोचा म्हणजे मोडणं का, ह्यावर मी तोंड उघडणार होतो. ती म्हणाली, "बोलू नका. भावाला फोन लावायलेय मी."

"थांब ग," माय म्हणाली. "इतकी वर्षं मी पेले मांडते आन ही पोरं हसतात. आज एक बी मागं ऱ्हायला न्हाई. गाडी ऱ्हाऊ दे. महिन्यातून एकदा सोडायची, सांगून."

अशी माझ्या ट्रकला नोकरी लागली. पण मायनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाबू, घर हालतंय म्हणून पळालास, आन उचललंस काय?" मी ट्रक पाठीमागं लपवला.

तिनं त्याच संध्याकाळी सुनंदाकडून यादी लिहून घेतली: भूकंप झाला तर कुणी काय घेऊन पळायचं. घराचे कागद सुनंदानं. औषधांचा डबा मायनं. ट्रकसुद्धा सुनंदानं. यादीत माझं नाव कुठंच नाही. मी विचारलं तर माय म्हणाली, गाडी बाहेर गेली की तू येतोसच की मागं.

पुढच्या महिन्यात सांगून ट्रक सोडला, पेले पडले, सुनंदा ट्रक घेऊन पळाली. मी तिच्या मागोमाग पोचलो, धापा टाकत, आणि आधी बंपर तपासला.