आवाज बंद ठेवलेला मोबाईल

माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. शाळेत तो कधी गेला नाही. घरात आम्हीच त्याच्यासाठी खुणा केल्या होत्या. आई म्हणजे हनुवटीवर बोट, कारण तिथं तिचं गोंदण. मी म्हणजे कानाची पाळी ओढायची. म्हैस, चारा, भूक, ताप, पाहुणे, अशा थोड्याफार खुणांवर त्यानं पन्नाशी गाठली. घोडेगावच्या बाजारात नुसता हात फिरवून तो म्हैस पारखतो, त्यामुळं त्याचं काही अडतंय असं मला कधी वाटलंच नाही.

माझी लेक चौथीत आहे. गेल्या वर्षी तिला फळ्यावरचं दिसेना म्हणून नगरला डॉक्टरांकडे नेलं. चष्मा लागला. डॉक्टर म्हणाले, "मोबाईल कमी करा." मग मी लक्ष ठेवायला लागलो, तर ही गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर बसून, आवाज बंद करून काहीतरी बघायची. चोरून बघते म्हणजे वाईटच असणार. मी मोबाईलला लॉक टाकलं.

चौथ्या दिवशी भाऊ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. माझ्या खिशाकडे बोट दाखवून त्यानं दोन्ही हातांनी भराभर काहीतरी केलं. त्यात आमच्या घरातली एकही खूण नव्हती. मी नुसती मान हलवली. तो चिडला.

लेक चुलत्याला आबा म्हणते. दारातून तीच बोलली, "पप्पा, आबा इचारत्यात, का बंद केला म्हणून."

"तुला कसं कळलं?"

"आमी दोघं शिकतोय की. मोबाईलमधी एक बाई हातानं बोलाया शिकवत्यात. त्याला आवाज कशाला लागतोय?"

मी लॉक काढलं. चूक माझीच, हे मला पटलं. पण ते पटणं महिनाभरच टिकलं.

बायकोनं कुणाकुणाला विचारून श्रीगोंद्याच्या एका ऐकू न येणाऱ्या माणसाचा नंबर मिळवला. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलताना भाऊ मोठ्यानं हसायचा. तसं हसू मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पुढं तो फोन सोडेना. धारा उशिरा व्हायला लागल्या. एकदा म्हैस दाव्यात पाय अडकून पडली आणि केवढ्यांदा ओरडत होती. भावाला ऐकू येत नव्हतं, पण लेक तर त्याच्या शेजारी स्क्रीनवर डोळे लावून बसली होती.

"तुला बी ऐकू आलं न्हाई व्हय गं?" मी ओरडलो.

"न्हाई आलं," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. मला तेच जास्त लागलं.

आईचं वेगळंच. "ह्यो आता माझ्या हनुवटीचं दाखवीतच न्हाई. नाकाला बोट लावतोय."

"आजी, ती आईची खूण हाय. सगळ्यांच्या आईची."

"मंग माझी कुठं गेली?"

 

दिवाळीनंतर भावाला आणि लेकीला घेऊन मी श्रीगोंद्याला गेलो. तो माणूस स्टँडवर आधीच येऊन थांबला होता. भाऊ आणि तो बाकावर बसले आणि हात सुरू झाले. लेक आधी मला एकेक सांगत होती, मग सांगायचं विसरून त्यांच्यातच हसायला लागली.

"काय म्हणत्यात गं?"

"काय न्हाई पप्पा, असंच."

आता संध्याकाळी एक तास फोन, असं ठरवलंय. लेकीला तो कमी वाटतो, आईला जास्त. डॉक्टरांचं खोटं नाही आणि भावाचं हसणंही खोटं नाही. हा तास लेकीच्या डोळ्यांकडे बघून ठरवायचा की भावाच्या बोलण्याकडे, मला उमजत नाही.

परवा बायको म्हणाली, "तुमीच का शिकत न्हाई?" दोन दिवस बसलो. माझी बोटं वळेनात. भाऊ ती हातात धरून एकेक सरळ करत होता, अगदी सावकाश, मी लहान मूल असल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी बसलो नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.