टाच नसलेला पाय

माझा पाय अकरा नंबरचा आणि कंपनीने दिलेले सेफ्टी शूज दहा नंबरचे. साधा बूट घट्ट असला तरी वापरून सैल होतो. सेफ्टी शूजच्या पुढे मात्र बोटांवर लोखंडी टोपी असते, आणि ती कोणाचंच ऐकत नाही. चाकणला प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनपुढे आठ तास उभं राहायचं आणि थेरगावला घरी येऊन पाय बादलीत सोडायचे, असं वर्षभर चाललं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली तेव्हा मी स्टोअरच्या खिडकीपाशी गेलो.

स्टोअरला एक काका होते, कंपनीला लागून असलेल्या गावचेच. ते म्हणाले, अकरा नंबर खास मागवावा लागतो आणि त्यासाठी पायाचं चित्र लागतं. तसा फॉर्म होता. त्यावर पायासाठी चौकट छापली होती, खाली सहीशिक्क्याची जागा, आणि चौकटीबाहेर काही काढू नये अशी सूचना.

चित्र काढायला सेफ्टी ऑफिसर आले. ताथवड्याच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, फार प्रामाणिक माणूस. मी अनवाणी फॉर्मवर उभा राहिलो. बोटं चौकटीत घेतली की टाच सहीच्या जागेवर जायची, टाच आत घेतली की बोटं फरशीवर. त्यांनी बराच विचार केला. त्रास बोटांना आहे, तेव्हा बोटं महत्त्वाची, असं ठरवून त्यांनी पेन्सिल फिरवली आणि चौकट संपली तिथे पायही आडव्या रेघेने संपवला. मी सही केली.

तीन आठवड्यांनी सात नंबरचे बूट आले.

मी ते परत घेऊन गेलो. काकांनी फाईलमधून चित्र काढलं, त्यावर बूट ठेवला आणि चहूबाजूंनी पाहिलं.

"कागदाबरहुकूम हाय," ते म्हणाले. "चुकलं असंल तर पायाचं चुकलं असंल."

मी पाय वर उचलून दाखवला. त्यांनी आधी पायाकडे पाहिलं, मग कागदाकडे. रेकॉर्डला टाच न्हाई, दुरुस्तीचा अर्ज द्या, म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही थट्टा नव्हती. मी जेवणाच्या सुट्टीत अर्ज लिहिला. विषय: माझ्या पायाला टाच असल्याबाबत. सेफ्टी ऑफिसरांनी खाली शेरा मारला की अर्जदाराची टाच मी समक्ष पाहिली आहे.

तो अर्ज बूट पुरवणाऱ्याकडे पोचला आणि तिथला एक वयस्कर माणूस खोकी घेऊन स्वतःच आला. मी पहिल्या शिफ्टला येतो हे त्याने आधी विचारून घेतलं आणि शिफ्ट सुटल्यावर भेटायला सांगितलं, कारण दिवसभर उभं राहून पाय फुगतो आणि माप फुगलेल्या पायाचंच घ्यायचं असतं. मोजे रोजचेच, जाड. त्याने मला उभं करून दोन्ही पाय मोजले. डावा थोडा मोठा निघाला, तेव्हा डाव्याचं माप धरून खोक्यातून अकरा नंबरचे बूट काढले. लोखंडी टोपीमुळे वरून दाबून काही कळत नाही. म्हणून नाडी न बांधता पाय पुढे सरकवायचा आणि टाचेमागे बोट घालून बघायचं. एक बोट गेलं. मग नाडी बांधून कॅन्टीनचा जिना उतरायला लावला. टाच उचलली जात नव्हती, अंगठा पुढे आपटत नव्हता. दोनदा पुरलं असतं, मी चारदा उतरलो.

जाताना त्याने सांगितलं की बूट मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटने भिजले तर उन्हात किंवा भट्टीजवळ ठेवू नका, आत कागद कोंबून सावलीत वाळवा. तेव्हापासून आमच्या घरी पेपर सकाळी मी वाचतो आणि संध्याकाळी बूट.

हे सगळं काका खिडकीतून बघत होते. त्या माणसाने त्यांनाही बसवलं. काकांच्या पायात नऊ नंबरचे बूट होते. आत दोन मोजे आणि पॅकिंगच्या फोमचा तुकडा. नोकरीला लागले तेव्हा नऊच शिल्लक होते, आणि नंतर दरवर्षी रेकॉर्ड बघून तेच मिळत गेले. रेकॉर्ड ठेवणारे काका स्वतःच. पाय निघाला सात नंबरचा. माझ्यासाठी आधी आलेला सात नंबरचा जोड त्यांनी घातला, शेवटच्या रॅकपर्यंत चालत गेले आणि परत आले.

"पाय जाग्याव हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीत येणाऱ्या प्रत्येकाच्या टाचेमागे बोट घालू लागले. हातमोजे मागायला गेलो तरी आधी पाय द्यावा लागे. वेल्डिंगवाले वैतागले, पण सात जणांचे नंबर बदलले.

एकदा प्लँटचे मोठे साहेब फेरी मारत तिथे आले. काका जमिनीवर बसलेच होते. त्यांनी साहेबांना नाडी सोडायला सांगितली. साहेबांनी रॅकला धरून पाय पुढे केला.

"दोन बोटं जात्यात साहेब. मोठा हाय."

साहेबांनी आपल्या बुटाकडे पाहिलं. "मला वाटायचं," ते म्हणाले, "हे असेच असतात."