ट्यूबलाइटखालच्या पाच चिंध्या

माझा हात भाजला त्या दिवशी मी लेकीचा मोबाइल बंद करायचं ठरवलं. सुरतच्या पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत मी शेड, म्हणजे रंगाच्या छटा, बनवतो. उकळत्या रंगाचं भांडं कलंडलं आणि मनगटापर्यंत पट्टी बांधून मी लिंबायतला घरी आलो. सात वर्षांची लेक पलंगावर मोबाइल बघत पडली होती. मी शेजारी बसलो तर मान वर न करता म्हणाली, "पप्पा, हटो ना, दिसत नाही." माझी पट्टी तिला दिसलीच नाही. हाताची आग दोन दिवसांत शमली, मनातली काही शमेना. ही पोर आपल्याशी बोलायचीच विसरली तर, अशी खरीखुरी भीती वाटली मला.

बायकोला सांगितलं, रोज संध्याकाळी सात ते साडेआठ घरातले सगळे मोबाइल कपाटावर. माझाही. ती हसली आणि म्हणाली, "तीन दिवस." सकाळी पळायला जायचं म्हणून मी घेतलेले आणि चौथ्या दिवसापासून पडून राहिलेले बूट तिने पाहिले होते, म्हणून तिला तो अधिकार होता. पण या वेळी मी हट्टाला पेटलो होतो.

पहिल्या संध्याकाळी लेक इतकी रडली की शेजारीण विचारायला आली. दुसऱ्या दिवशी मी एका हाताने कणकेचा हत्ती केला, तर तिने "डुक्कर छान आहे" म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी कागदाच्या होड्या. दोन होड्या झाल्यावर तिने विचारलं, "साडेआठ वाजले?" खोटं कशाला बोलू, मीही घड्याळाकडेच बघत होतो. तरी मोबाइल कपाटावरून खाली आला नाही. चौथा दिवस उजाडला तेव्हा बायकोने हसणं बंद केलं.

मग मी मिलमधून चिंध्या आणल्या. कुठलीही शेड आधी पांढऱ्या कापडाच्या छोट्या तुकड्यावर करून बघतात. काम झालं की ते तुकडे टाकून देतात. पिशवीभर तुकडे मी फरशीवर ओतले. खिडकीच्या गजांना सुतळी बांधली आणि लेकीला म्हटलं, "आजचा दिवस ज्या रंगाचा गेला ती चिंधी निवडायची आणि इथे बांधायची. बोलायचं काही नाही, कोणी विचारायचंही नाही." तिने अर्धा तास तुकडे चिवडले. साडेआठ कधी वाजले ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिने बांधलेली चिंधी काळी होती. दुसऱ्या दिवशीही काळी, तिसऱ्या दिवशीही. चौथीही काळीच. पिशवीत गुलाबी, पोपटी, पिवळ्याधमक इतक्या चिंध्या असताना या लेकराला रोज काळंच का सुचावं? शाळेत कोणी मारतं का? रिक्षात कोणी काही बोलतं का? पाचव्या संध्याकाळी ती तुकडे चाळत होती आणि माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं. पुन्हा विचारलं. ती तुकडेच चाळत राहिली. तेव्हा मी ओरडलो, "तोंड आहे ना तुला? बोल की!" तिने झटक्यात एक काळी चिंधी उचलून सुतळीला कशीबशी बांधली आणि आत आईजवळ जाऊन बसली. न विचारण्याचा नियम माझाच, आणि तो मोडलाही मीच.

"उद्या शाळेत जाऊन बाईंना भेटतो," मी बायकोला म्हणालो.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातातच ठेवून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चिडली की ती अहिराणीत बोलते. "मिलमा ट्यूबलाइटना उजेडमा शेड पास करतस का तुम्ही? मंग पोरनी शेड कसाले पास करतस?"

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ट्यूबलाइटखाली गडद रंग फसवतो, हे मी मिलमध्ये नव्या पोरांना रोज शिकवतो. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, माल बघायला आली की आम्ही कापड घेऊन बाहेर अंगणातल्या उजेडात जातो. पंधरा वर्षांत एकही शेड मी संध्याकाळी पास केलेली नाही. आणि घरात, सकाळच्या घाईत सुतळीकडे न बघताच, त्या जुन्या, पिवळट ट्यूबखाली उभं राहून पोटच्या पोरीचे पाच दिवस पास करून मोकळा झालो होतो.

सकाळी ड्यूटीला जायच्या आधी बूट घालून गॅलरीत गेलो आणि सुतळी सोडून उजेडात धरली. एक चिंधी बाटलीसारखी गडद हिरवी, एक जांभळी, एक कॉफी रंगाची, एक गडद निळी. पाचवी तेवढी काळी.

लेक दात घासत मागे येऊन उभी राहिली. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तिनेच ब्रश धरलेल्या हाताने हिरवीवर बोट ठेवलं. "ही पाणीपुरीच्या पाण्याची. मम्मीने खाऊ घातली ना, ती." जांभळी शाळेत गायलेल्या गाण्याची, कारण गाणं तिला जांभळं वाटलं. कॉफी रंगाची गल्लीतल्या कुत्रीच्या पिलाची. गडद निळी जरा वेळ तिने बोटात धरून ठेवली. "माझी फ्रेंड दुसऱ्या बाकावर बसली. आता तिकडेच बसते." बस, चार दिवसांत दुःखाचा एकच दिवस, आणि तोही निळा.

"आणि ही?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"ही काली तर तुमची आहे," ती म्हणाली. "तुम्ही ओरडले ना."

इतकं साधं बोलली ती. राग नाही, रडणं नाही. मी "चुकलो" म्हणालो, ते तिला ऐकू तरी गेलं की नाही कोण जाणे, कारण ती पिशवी आणायला आत पळाली होती. सगळ्या चिंध्या तिने माझ्या पायाशी ओतल्या.

"आता तुम्ही बांधा. तुम्ही एकपण दिवस नाही बांधली."

खरंच, नव्हती बांधली. तिला खेळवायला बसलो होतो, तिच्याबरोबर खेळायला नाही. मिलमध्ये लोक मला रंग विचारायला येतात, आणि त्या ढिगातून मला स्वतःसाठी एक तुकडा उचलता येईना. मिलची बस खाली हॉर्न देत होती. मी बूट काढले आणि लेकीशेजारी फरशीवर बसलो.