पार्सलात घातलेलं पत्र

पोस्टाच्या ओट्यावर अकरा खोके मांडलेले होते, अंगणात ढोल वाजत होता आणि विलासशेठ खिडकीतून ओरडून मला सांगत होते, "मास्तर, एकाची पण शिलाई वाकडी दिसता कामा नये हां! फोटो यायचाय पेपरात."

शिलाई माझी नव्हती. ती गावातल्या बायका करत होत्या. पण पोस्टाच्या ओट्यावर काहीही झालं तरी त्याला मास्तर जबाबदार, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे.

मी तेव्हा हेदवीच्या पलीकडच्या एका गावात सब-पोस्टमास्तर होतो. हाताखाली एक पोस्टमन, गोविंद. सीमेवर तणाव होता. टीव्हीवर दिवसभर तोफा आणि नकाशे. आमच्या गावातले अकराजण फौजेत आहेत. महिला मंडळानं ठरवलं की गावातर्फे प्रत्येकाला एक पार्सल पाठवायचं. चिपळुणाहून लोकरीचे मोजे आणि कानटोप्या आणल्या. आमच्या गावात स्वेटर फक्त मुंबईच्या चाकरमान्यांच्या बॅगेत सापडतो, त्यामुळे मोजे जाड की पातळ यावर दोन दिवस चर्चा झाली. सोबत फणसपोळी, आमसुलं आणि कुळथाचं पीठ. ग्रामदेवतेपुढं गाऱ्हाणं घातलं, अख्ख्या गावानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग खोके पांढऱ्या मांजरपाटात शिवायला पोस्टाच्या ओट्यावर आले. हल्ली चिकटपट्टी चालते, पण लांबच्या पार्सलाला आम्ही जुनी माणसं अजून कापड आणि लाखच सांगतो.

त्याआधी ग्रामसभा झाली होती, ती सांगायला हवी. विलासशेठ सुपारीचे व्यापारी आणि एका पक्षाचे तालुक्यातले पुढारी. त्यांना ठराव हवा होता: लढाईसाठी सरकारनं वाटेल तेवढा पैसा खर्च करावा, गाव पाठीशी आहे. कर वाढवला तरी देऊ. घरपट्टी थकवलेल्यांनीही दोन्ही हात वर केले. तेवढ्यात जाधव गुरुजी उठले. गुरुजी निवृत्त शिक्षक, दुसऱ्या पक्षाचे. ते म्हणाले, "संरक्षणावर एवढा खर्च होतो, मग जवानाच्या पायातले मोजे आपण का पाठवायचे? आधी हा प्रश्न ठरावात घाला."

"गुरुजी, ही प्रश्न इचारायची वेळ हाय?" विलासशेठ कडाडले.

"मग वेळ कुठली, ते तुम्हीच सांगा."

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी गप्प बसलो. ठराव काही झाला नाही. ज्यांची मुलं फौजेत होती त्या बाया मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

त्यातल्या एक सुलूवहिनी. नवरा बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगा, महेश. त्याचं लग्नही राहून गेलेलं. वहिनींना कानानं फार कमी ऐकू येतं, त्यामुळे माय-लेकांचं सगळं बोलणं कागदावर. महेशची हिरवी आंतर्देशीय पत्रं यायची. जवानांना ती फुकट मिळतात. वहिनी चौथी शिकलेल्या, उत्तर स्वतः लिहायच्या. पोस्टात येऊन पत्ता मात्र माझ्याकडून तपासून घ्यायच्या, कारण फौजेचा पत्ता विचित्र असतो. त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो. नाव, नंबर, युनिट आणि पुढं ए.पी.ओ., म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. जवान नेमका कुठं आहे ते आम्हालाही कळत नाही. वहिनींना एवढंच ठाऊक होतं की महेश बर्फात आहे आणि तिथं फोन लागत नाही.

त्या सोमवारी ओट्यावर ही गर्दी चालू असताना वहिनी खिडकीशी आल्या. हातात पाकीट. पत्ता लिहिलेला, तोंड चिकटवलेलं, फक्त तिकीट नव्हतं.

"मास्तर, ह्ये लवकर पोचाया हवं ओ. म्हयशानं इचारलंय. नोकरीची मुदत सरली त्याची. आनखी दोन वर्सं ऱ्हायाचं का घरी यायाचं, त्याचा कागद भरून द्यायचाय. म्हयना आखेरीपर्यंत."

"मग काय लिहिलंत?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं. त्या नुसत्या पाकीट पुढं धरून उभ्या राहिल्या.

पाच रुपयांचं तिकीट लावलं की काम झालं असतं. तिकिटं मागच्या कपाटात होती. काउंटरवर पार्सलांचे फॉर्म पसरलेले, बाहेर ढोल, विलासशेठ दर दोन मिनिटांनी खिडकीत. मला उठायचा कंटाळा आला. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. मी हातानं खूण केली आणि मोठ्यानं म्हणालो, "वेगळं कशाला पाठवता वहिनी? महेशचं खोकं शिवायचं राहिलंय, त्यात घाला. पार्सलात एक चिठी चालते. सगळं एकदम पोचेल."

नियमानं चालते, यात काही खोटं नव्हतं. वहिनींना ते आवडलं. मोज्यांबरोबर आईचं पत्र. त्यांनी स्वतः पाकीट खोक्यात सारलं आणि शुभांगीनं, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षबाईनं, वरची बाजू शिवून टाकली.

पार्सल घेताना आम्ही एक प्रश्न विचारतो: आत काय आहे? पस्तीस वर्षांत मी तो विचारला नाही असं झालं नव्हतं. लोक वैतागायचे. त्या दिवशी विचारला नाही. गावानं मिळून भरलेली पार्सलं, देवीपुढं ठेवलेली, त्यांना काय विचारायचं?

पार्सलं त्याच दिवशी जायला हवी होती. आमचं पोतं दुपारी तीनच्या गाडीला देतात. त्याचं तोंड बांधून शिक्का मारला की 'बॅग क्लोज' झाली. पण विलासशेठ म्हणाले, आमच्या पक्षाचे साहेब येऊन झेंडा दाखवतील, मग पाठवा. साहेब मंगळवारी येणार होते. मग बुधवारी. गुरुजींनी ओट्यासमोर उभं राहून जाहीर केलं की मोजे सीमेवर पोचायच्या आधी उन्हाळा येईल. लोक हसले. मीही हसलो. गुरुवारी मात्र मला पत्राची आठवण झाली. महिनाअखेर जवळ येत होती. खोक्याची एक बाजू उसवून पाकीट काढावं असं मनात आलं. पण तोवर लाखेचे शिक्के मारलेले, त्यावर विलासशेठच्या माणसांनी साहेबांच्या फोटोचे स्टिकर लावलेले. उसवलं असतं तर ओट्यावर महाभारत झालं असतं. मी विषय सोडून दिला.

साहेब आलेच नाहीत. शनिवारी विलासशेठनी स्वतः झेंडा दाखवला, फोटो काढला आणि पोतं एकदाचं गेलं.

पुढच्या पंधरवड्यात आठ पार्सलं पोचली. जवानांच्या घरी फोन आले, शुभांगीनं पेढे वाटले. तीन पोचली नाहीत. मी रोज कॉम्प्युटरवर नंबर टाकून बघत होतो. एके दिवशी तिन्हींपुढं एकच शेरा आला: विमानानं नेण्यास मनाई असलेली वस्तू, प्रेषकाला परत.

मी शुभांगीला बोलावून घेतलं. "आत काय घातलं होतंत? सगळं सांग. एकूण एक."

तिनं यादी सांगितली. मोजे, कानटोपी, फणसपोळी, आमसुलं, पीठ. मग म्हणाली, "आनी देवीचा प्रसाद."

"प्रसाद म्हणजे?"

"नारळ देनार होतो. पन नारळ जड, वाटंत फुटंल. म्हनून सुक्या खोबऱ्याच्या दोन-दोन वाट्या घातल्या. काय झालं ओ?"

मी कपाळाला हात लावला. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल फार असतं. कोंडून राहिलं तर ते आपोआप तापतं आणि पेटूही शकतं, म्हणून तपासणीच्या मशीनमध्ये दिसलं की पार्सल बाजूला काढतात. हे मनाईच्या यादीत आहे आणि ती यादी माझ्याच खुर्चीमागच्या भिंतीवर लावलेली होती. जी आठ पार्सलं सडकेनं आणि रेल्वेनं गेली ती सुखरूप पोचली. बर्फात जायचा रस्ता बंद होता, तिथं विमानाशिवाय इलाज नव्हता. कोकणातला माणूस नारळाशिवाय कुणाची पाठवणी करत नाही, हे मला कळायला हवं होतं. माझ्या घरातही तसंच आहे.

रत्नागिरीहून पोस्टाच्या वरिष्ठ साहेबांचा फोन आला. "काउंटरवर विचारलं नव्हतं का?"

"नाही साहेब."

"लेखी खुलासा द्या."

दिला. तीन ओळींचा. चूक माझी आहे, असा.

परत आलेली तीन खोकी पाहायला गाव जमलं. विलासशेठ म्हणाले, हा घातपात आहे, देशात राहून जवानांच्या विरोधात काम करणारी माणसं कचेऱ्यांत बसलीत. गुरुजी म्हणाले, बघा, एवढा पैसा ओतून सरकारकडे खोकी न्यायला विमान नाही. दोघांचे मोबाईलवाले शूटिंग करत होते. मी मध्ये पडून सांगितलं, "अहो, खोबऱ्यामुळे परत आलीत. मी विचारायला हवं होतं. दोष माझा आहे."

"देवीच्या प्रसादाला नावं ठेवता?" विलासशेठ माझ्यावर धावून आले.

"मास्तर, तुम्ही सरकारला पाठीशी घालताय," गुरुजी म्हणाले. त्यांचा एवढा राग मी कधी पाहिला नव्हता.

माझी चूक दोघांनाही नको होती. तासाभरानं भाषणं संपवून सगळे पांगले. खोकी तिथंच राहिली.

मग सुलूवहिनी आल्या. त्या गर्दीच्या कडेला उभ्या होत्या, हे मला दिसलंच नव्हतं. "माजं पत्र?" एवढंच म्हणाल्या.

मी महेशचं खोकं ब्लेडनं उसवलं. खवट वास आला. खोबऱ्याच्या वाट्या पाकिटावरच पडून राहिल्या होत्या. तेल सुटून पाकीट पार भिजलं होतं. तेलकट कागद आरपार दिसतो. शाई बॉलपेनची, ती हलली नव्हती. पस्तीस वर्षांत मी दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नाही, त्या दिवशी पाकीट न उघडता वाचलं. वाचायचं नव्हतं, पण डोळे मिटायलाही जमलं नाही.

"म्हयशा, तू ये. पैशाचं बघू. मला आता एकटीनं जमत नाही. विहिरीवर जायला भीती वाटते."

बाकीच्या ओळी घडीखाली गेल्या होत्या.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता स्पीड पोस्टनं पाठवतो," मी ओरडून म्हणालो. "खर्च माझा. पाकीट बदलून देतो."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि एक हिरवं आंतर्देशीय पुढं केलं. गोविंदनं ते चार दिवसांपूर्वी त्यांच्या घरी टाकलं होतं. मी ते उघडून वाचलं. महेशनं लिहिलं होतं: 'शेवटच्या तारखेपर्यंत वाट बघितली. तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तुझी ना नाही असं धरून दोन वर्षांसाठी सही केली. दिलेली सही मागे घेता येत नाही. काळजी करू नको.'

वहिनींनी तेलकट पाकीट माझ्या हातातून घेतलं, पदराला पुसलं.

"त्याला नका सांगू मास्तर. ततं त्याचं मन लागायचं नाय."

"पण वहिनी, त्याला कळायला हवं."

"नका सांगू," त्या पुन्हा म्हणाल्या. मग खोक्यातले मोजे तेवढे घेऊन घरी गेल्या. मी दार लोटून आत बसलो आणि रडलो. गोविंद बाहेर सायकल पुसत राहिला, आत आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात वहिनी विहिरीच्या पायरीवर पडल्या. मांडीचं हाड मोडलं. भाची अलोऱ्याला असते, ती घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

महेश रजा काढून आला, तो परत जाताना पोस्टात आला. आईची पत्रं यापुढं अलोऱ्याला पाठवायची होती, त्याचा अर्ज करायला. उन्हाबर्फानं काळा पडलेला, हळू बोलणारा माणूस. अर्ज भरताना म्हणाला, "मास्तर, तेव्हा आईनं एक ओळ लिहिली असती ना, तर मी त्या कागदावर सही केली नसती. पण ती सोतासाठी कधी काय मागत नाय. मला वाटलं, तिची हरकत नसंल."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. वहिनींनी दोनदा नको म्हणून सांगितलं होतं. की मला स्वतःचं तोंड वाचवायचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी अर्जावर शिक्का मारला आणि म्हणालो, "उद्यापासून लागू होईल."

"थँक्यू," तो म्हणाला आणि तीनची गाडी पकडायला गेला.

मी आता निवृत्त आहे. विलासशेठ आणि गुरुजी अजून भांडतात. वहिनी खाटेवरून उठत नाहीत, महेशची मुदत अजून संपायची आहे. संध्याकाळी फिरताना कुणी खोकं घेऊन पोस्टाकडे जाताना दिसलं तर मी त्याला थांबवतो. आत काय आहे ते विचारतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची जुनी खोड. आत चिठी असली तर ती बाहेर काढून वेगळी टाकायला लावतो. तिकिटं मी खिशातच ठेवतो.