मोदक आणि अनारशाची गादी

आमची मुलगी सासरी गेली आणि तिचे दोन बेडूक माहेरी राहिले.

विश्रांतवाडीच्या तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या." (बेडूक नकोत, हे त्यात आलंच!) त्यामुळे मोदक आणि अनारसा हे मुठीएवढे, ढेरपोटे, परदेशी जातीचे बेडूक आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये दोन काचेच्या पेट्यांत राहू लागले. दोन पेट्या अशासाठी, की एकत्र ठेवले तर एक दुसऱ्याला खातो.

"बाबा, पेट्यांमधलं खालचं सगळं बदलायला झालंय. काहीतरी चांगलं घाल," मुक्ता फोनवर म्हणाली.

चांगलं म्हणजे दिसायला चांगलं, असं मी समजलो. माशांच्या दुकानातून पांढरेशुभ्र खडे आणले, पसरले आणि कौतुकाने तिला व्हिडिओ कॉल लावला. तिच्यादेखत चिमट्याने मोदकासमोर अळी धरली. मोदकाने झेप घेतली. अळी निसटली, खडा तोंडात!

"बाबा! आतड्यात अडकला तर मरेल तो!"

आमच्या हिने देवापुढे हात जोडले. मी चिमटा धरून तसाच उभा. शेवटी भातात खडा लागल्यासारखा चेहरा करून मोदकाने तो बाहेर टाकला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी त्याची माफी मागितली. (हो, बेडकाची!)

मग मातीसाठी मी बाल्कनीतल्या कुंडीकडे वळलो.

"हात लावू नका! परवाच खत घातलंय," ही म्हणाली.

"खत नको, बाबा!" फोनमधून मुक्ता ओरडली. "बेडूक कातडीतून पाणी पितात. साधं कोकोपीट आण, नारळाच्या काथ्याचा भुसा. आणि भिजवायला नळाचं ताजं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. एक दिवस उघडं ठेव."

"अगं, जन्मभर आम्ही खडकवासल्याचं तेच पाणी पितोय!" ही म्हणाली.

"तुमचं वेगळं, आई."

नर्सरीत कोकोपीटच्या विटा होत्या. पुन्हा पुन्हा कोण येणार, म्हणून मी सगळ्यात मोठी उचलली. दुसऱ्या दिवशी शिळ्या पाण्यात ती भिजत घातली आणि चहा प्यायला बसलो. परत येऊन बघतो, तर बादली भरून भुसा बाहेर! दुसरी बादली भरली. टब भरला. ती वीट फुगतच होती.

"अहो, पुरणाचं पातेलं नाही मिळणार!" ही स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली.

घाईघाईत वरचं पाणी मी बाल्कनीत ओतलं. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे देवधर दारात हजर. हातात तपकिरी डागांची पांढरी चादर.

"चहा पाठवायचाच होता, तर कपात पाठवायचा," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही साखर कमी घेतो." आणि गेले.

पेट्यांना लागला जेमतेम पाटीभर भुसा. दोघांनीही मागच्या पायांनी उकरत त्यात स्वतःला पुरून घेतलं. वर फक्त डोळे!

"आवडलं त्यांना!" मुक्ता व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "बाबा, किती करतोस रे तू!"

थकवा जरा कमी झाल्यासारखा वाटला. पण उरलेल्या ढिगाचं काय? ओला ठेवला तर बुरशी येणार. बाल्कनीत पसरावा, तर खाली देवधर. हिने माझ्या दिवाणावर प्लास्टिक अंथरलं आणि सगळा ढीग त्यावर वाळत घातला.

"आणि मी?"

"तुम्ही खाली झोपा. कडक जमीन पाठीला चांगली असते."

तेव्हापासून मी फरशीवर आहे. बेडकांच्या खाली काय असावं, यावर आमच्या घरात अजूनही रोज फोन होतात. माझ्या खाली साधी सतरंजी तरी आहे का, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही!