आईचं प्रभुभोजन

दादा गेला तो काडेपेटीपायी. देवळाली कॅम्पात स्टेशनाबाहेर एका दारुड्या पोरानं त्याच्याकडे काडेपेटी मागितली. दादा म्हणाला, "मी ओढत नाही." एवढ्यावर त्यानं सुरा काढला. ओळख ना पाळख, भांडण ना तंटा. ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. पोराला जन्मठेप झाली. फाशीच द्यायला हवी होती मेल्याला, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचे.

आईनं मात्र प्रभुभोजन सोडलं, म्हणजे येशूच्या आठवणीत आमच्या ख्रिस्ती देवळात मोडून वाटतात ती भाकर. मनात कुणाविषयी अढी असेल तर त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे आमच्यात लहानपणापासून शिकवतात. सगळी मंडळी उठून पुढे जायची आणि आई बाकावर बसून राहायची. देवळाचे पाळकसाहेब समजवायला घरी आले, तर म्हणाली, "देवाला कसं फसवू? त्या पोराची आठवण आली तरी अंगाची लाही होते." पण त्या भाकरीसाठी ती आतून झुरत होती.

ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरींवर फुलं वाहतो. एका वर्षी आदल्या दिवशी आम्ही मायलेकी फुलबाजारात गेलो. त्या पोराची आई तिथंच झेंडू विकायची. कोर्टात तिला पाहिलेलं, त्यामुळे आम्ही नेहमी पलीकडून जायचो. त्या दिवशी एक गिऱ्हाईक तिच्या पाटीशी वाकलं, तसा शेजारचा फुलवाला म्हणाला, "तिच्याकडून नका घेऊ. खुन्याची आई हाय ती."

बाईनं मान खाली घातली. आई ताडकन वळली.

"खून तिनं केलाय का रे?" फुलवाल्याला असं झापून ती त्या बाईसमोर खाली बसली. बाईनं तिला ओळखलं आणि हात जोडले. "माय, काय बोलायचं ते बोल मला."

"पोराला भेटायला जातेस ना? मग सांग त्याला, मी त्याला माफ केलं." आईनं तिचे जोडलेले हात धरले. "आणि उद्या पहाटे फुलं घेऊन कबरस्तानात ये. तुझ्या हातानं वाहा."

मी घरापर्यंत फणफणत आले. "ती येणार असेल तर मी येत नाही," म्हटलं. "नको येऊस," आई म्हणाली आणि साडीला इस्त्री करायला बसली.

गेले, न जाऊन सांगते कुणाला. उजाडताना ती बाई डोक्यावर पाटी घेऊन आली आणि मंडळींचं गाणं मधेच थांबलं. आईनं पुढे होऊन पाटी उतरवून घेतली. दोघींनी मिळून दादाची कबर फुलांनी झाकून टाकली. बाई मातीवर डोकं टेकून रडायला लागली, तेव्हा आईनं तिला जवळ घेतलं.

मग देवळात पाळकसाहेबांनी भाकर मोडली. आई सगळ्यांच्या आधी उठली, ताठ मानेनं पुढे गेली आणि दोन्ही हात पसरले. परत येऊन तिनं गाणं असं काही उचललं, की पेटीवाल्याला तिच्यामागं धावावं लागलं. एका सुऱ्यानं आमचं घर पार मोडलं होतं, आणि त्या सकाळी माझी आई जिंकली होती. माझा राग अजून तसाच होता. तरी मी उभी राहिले आणि तिच्याबरोबर गायला लागले.